सुभद्राकाकींचा फेरफार

सुभद्राकाकी एका सोमवारी कपाळाला कुंकू लावून सरकारी खजिन्यात गेल्या. त्या दिवशी त्यांचे पेन्शन बंद झाले.

ही दोन वाक्ये लिहून मी बराच वेळ नुसता बसलो आहे. त्यांच्या मध्ये काहीतरी राहून गेले आहे असे वाटते, पण काय ते सापडत नाही. खजिन्यातल्या नाना कारकुनांनाही ते सापडले नव्हते, आणि नाना नियमांत मुरलेले गृहस्थ होते. काकी श्रावणात गेल्या. आता कार्तिक लागला आहे. त्यांच्याविषयी काही लिहावे असे तेव्हापासून मनात आहे, आणि प्रत्येक वेळी मी याच दोन वाक्यांपाशी येऊन थांबतो. तेव्हा जे आठवते ते सुरुवातीपासून मांडून पाहतो.

मी रत्नागिरीस म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत मास्तर म्हणून आलो, तेव्हा किल्ल्याकडे जाणाऱ्या वाटेवरच्या एका घराची पडवी मला भाड्याने मिळाली. घर लहान, जांभ्या दगडाचे. पुढे थोडे माड, मागे विहीर. घरात दोनच माणसे होती, काकी आणि त्यांची सासू. काकींचा नवरा तुकाराम महायुद्धात पलटणीबरोबर बसऱ्याला गेला तो परत आला नाही. आधी सरकारचा कागद आला, की शिपाई बेपत्ता आहे. पुढे दुसरा आला, की तो मेला असे समजण्यात आले आहे. त्या दुसऱ्या कागदाने काकींच्या बांगड्या फुटल्या आणि त्यांना पेन्शन सुरू झाले. त्या वेळी त्या पंचविशीच्याही नसतील. मूलबाळ नव्हते.

काकी उंच होत्या, आणि उंचीचा संकोच वाटत असल्यासारख्या मानेत वाकून चालत. त्या काथ्याचे सुंभ वळीत. बोलताना, ऐकताना, चुलीवर भात रटरटत असताना त्यांचे दोन्ही तळवे एकमेकांवर फिरत असायचे आणि सुंभ मांडीवरून खाली उतरत जायचे. कोणी काही विचारले की मात्र हात थांबत. मग त्या समोर कुठेतरी बघत, मनाशी खात्री करून घेत आणि मगच उत्तर देत. त्यामुळे त्यांना साधी गोष्ट विचारायचीही पंचाईत होई.

"काकी, विहिरीला पाणी आहे ना?"

हात थांबत. "हाय म्हनायला हाय. पन काल व्हता तवडा नाय."

"आंघोळीपुरते आहे ना?"

"तुमच्या आंघोळीपुरता हाय. माझ्या नाय. मी उंच हाय."

यात विनोद होता की नाही हे मला कधीच कळले नाही. त्या हसत नसत. त्यांचे एक ठरलेले बोलणे होते: "सांगून टाकला की आपुन मोकळे." शेजारणीच्या अंगणातला एक नारळ घरंगळत आपल्या अंगणात आला, तर त्या तो परत देऊन वर सांगत, की मघाशी तो ठेवून घ्यावा असे वायच मनात आले होते.

पेन्शन पहिल्यांदा हातावर पडले, तेव्हा कुणा साहेबाने त्यांना नियम वाचून दाखवला होता, की घरच्या परिस्थितीत काही फेरफार झाल्यास पेन्शनदाराने तो खजिन्यात येऊन कळवावा. नियमाचा मतलब एवढाच, की बाईने पाट लावला, दुसरे घर केले, तर सांगावे, म्हणजे सरकारला पेन्शन थांबवता येईल. हे सगळ्या रत्नागिरीला कळत होते. काकींनी मात्र साहेब बोलला तेवढेच धरले. काही फेरफार म्हणजे काहीही फेरफार.

त्यांचे माहेर हातखंब्याच्या बाजूला. तिकडे ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणे घालतात तेव्हा गुरव देवाला गावातले सगळे सांगतो. कोण आजारी आहे, कोणाचे भांडण आहे, कोण मुंबईला गेला. देवाला हे ठाऊक असतेच, तरी सांगावे लागते. सांगितले नाही तर देव रुसतो असे नव्हे, पण मग राखण करताना त्याच्याकडून चूक होऊ शकते. काकींनी सरकारचेही तसेच मानले होते.

पेन्शनच्या दिवशी त्या खजिन्याच्या खिडकीपुढे उभ्या राहत, पदर सारखा करीत आणि हात जोडून सुरू करीत. "बा सरकारा म्हाराजा! आमची तांबू गाय आटली. दिरानं चूल येगळी केलान. माझी सासू हाय ती..."

त्यांच्या मागे उभा असलेला कचेरीचा शिपाई लगेच गाऱ्हाण्याला ओ देई, "व्हय म्हाराजा!" आणि ओसरीवरची सगळी माणसे हसत.

"अगो, गाय आटली हे सरकारनं कुठं लिहून घ्यायचं?" नाना कारकून विचारीत.

"ता मला काय ठावं? लिवायचा सरकारनं. मी सांगायचा."

मी राहायला आलो त्याच महिन्यात त्या मला म्हणाल्या, "मास्तर, उद्या शाळेत जायच्या आधी वायच कचेरीत येवा."

"कशाला?"

"तुमाला दाखवायचा हाय."

मी नवीन होतो. भाडेकरूला असे जावे लागत असेल असे वाटून गेलो. खिडकीपाशी काकींनी मला दंडाला धरून पुढे केले. "ह्यो मास्तर. पडवीत ऱ्हातो. भाडा देतो. मासे खातो, पन काट्यांना भितो."

शिपायाने ओ दिली. नानांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. ते कृश, गोरे, कायम सर्दी झालेले गृहस्थ होते. "मास्तर, तुम्ही शिकलेले ना?" ते म्हणाले. "तुम्हीसुद्धा आलात?"

 त्या दिवसापासून नानांची माझी ओळख झाली आणि वाचायला पुस्तके देण्याघेण्यापर्यंत गेली.

सासूला हे सगळे अजिबात पसंत नव्हते. सासू बुटकी आणि मोठ्या आवाजाची. "आमच्या घरात कुनी ढेकर दिलान तरी माझी सून सरकारला सांगून येते," असे ती वाटेने जाणाऱ्याला थांबवून सांगे. "उद्या सरकार ढेकरावर पट्टी बसवील, तवा कळंल."

अशी काही वर्षे गेली. मग हर्णैचा तो खलाशी आला.

तो आपल्या मचव्यातून सुके बोंबील आणि बांगडे आणून आमच्या आळीत विकायला बसला होता. बोलता बोलता कळले, की मधली काही वर्षे तो आगबोटींवर होता आणि बसऱ्याच्या बंदराला त्याची बोट लागत असे. सासूनेच त्याला मुलाची हकिकत सांगितली. ही हकिकत ती सगळ्यांनाच सांगे. खलाशी ऐकत राहिला आणि मग म्हणाला, "आये, आता तू म्हनतेस म्हनून सांगतो. गेल्या खेपेला तिथं बंदरावर पोती वाहनारा एक गडी दुसऱ्याला वरडला, 'अरे मेल्या, वायच सरक!' मी म्हटला, हतं आपली बोली कुनाची? मागं वळून बघतो तर ही गर्दी. त्याची पाठ तेवडी दिसली."

काकी दारात सुंभ वळीत होत्या. त्यांचे हात थांबले.

"उंच व्हता?"

"मध्यम."

"लंगडत व्हता?"

"पोता घेतल्यावर सगळेच लंगडतात, बाय."

एवढेच. त्यानंतर तो खलाशी पुन्हा आला नाही, किंवा आला असेल तर आमच्या आळीत बसला नाही. काकी काही दिवस फार कमी बोलल्या. मग एका सकाळी माहेरच्या गावी गेल्या आणि देवाला कौल लावून आल्या. तिथला गुरव देवाच्या पाषाणावर दोन बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि प्रश्न विचारतो. उजवी पाकळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. उजवी पडली.

दुसऱ्या दिवशी न्हाऊन काकींनी कुंकू लावले, गळ्यात काळी पोत घातली आणि कासाराकडून बांगड्या भरून आल्या. सासू नारळ सोलीत होती. तिने तो खाली ठेवला.

"ह्या काय गो?"

"जिता हाय. देवानं उजवा दिलान."

"देवाला कधी पोर झाला?" सासू म्हणाली. "माझा पोर मेला. मला ठावं हाय. आईला कळता."

"बायकोला पन कळता, आये."

"तुला इतकी वर्सं नाय कळला ता?"

काकींनी विचार केला. "नाय कळला," त्या म्हणाल्या. "आता बी मला कळला नाय. देवाला कळला."

पुढचा सोमवार पेन्शनचा होता. मी त्या वेळी शाळेत होतो. शिपायाने मला एक हकिकत सांगितली, नानांनी दुसरी. दोन्हींत जेवढे जुळते तेवढे असे.

काकी खिडकीशी आल्या तेव्हा शिपाई ओ द्यायला तयारच होता, पण त्यांच्याकडे पाहून तो गप्प झाला. काकी म्हणाल्या, "नाना, फेरफार झाला."

नानांनी मान वर केली नाही. "गाय व्याली?"

"नाय. वर बघा."

नानांनी पाहिले आणि टाक खाली ठेवला. "कोणाशी?"

"कुनाशी काय?"

"पाट कोणाशी लावलास?"

"पाट कशाला लावू? माझा धनी जिता हाय."

"पत्र आलं?"

"नाय."

"माणूस आला?"

"नाय. कौल आला."

नानांनी चष्मा काढून पुसला. मग त्यांनी समजावून सांगितले, की सरकारला बाई विधवा आहे हे कळते आणि बाईने पाट लावला हेही कळते. हे तिसरे सरकारला कळण्यासारखे नाही. नवरा जिवंत असेल तर तो पलटण सोडून पळालेला ठरतो, आणि मग त्याच्या बायकोला पेन्शन कसले? मेला असेल तर हे कुंकू कसले? मग ते पुढे वाकून हळूच म्हणाले, "सुभद्रे, ऐक. मागच्या अंगणात पाण्याची घागर आहे. कपाळ धू, पोत नि बांगड्या पदराखाली घाल आणि ये. मी काही पाहिलेलं नाही. अंगठा उठव, पैसे घे, घरी जाऊन पुन्हा लाव."

 मागची माणसे चुळबुळ करू लागली.

"नाना, मी पुसला, आनि त्याच वक्ताला त्यो तकडं जिता असला तर?"

"तर काय?"

"तर मीच त्याला मारला की."

नानांनी टाक उचलला आणि पुन्हा ठेवला.

"आनि ह्यो पैसा त्याच्या मरनाचा. त्यो जिता असताना मी कसा खाऊ?"

"मग इतकी वर्षं खाल्लास तो?" नानांच्या तोंडून निघून गेले. असे बोललो नसतो तर बरे, असे ते मला पुढे अनेकदा म्हणाले. कारण काकींनी ते मनावर घेतले. "तवा मला ठावं नव्हता," त्या म्हणाल्या. "आता ता परत द्यायचा काय?"

"नको, नको!" नाना जवळजवळ ओरडले. "ते कोणी विचारलेलं नाही. ते बोलूसुद्धा नकोस!"

चौकशी होईपर्यंत पेन्शन तहकूब ठेवावे असा शेरा नानांना मारावा लागला. इतक्या लोकांनी कपाळ पाहिल्यावर दुसरे काही करण्यासारखे नव्हते.

घरात ओढाताण सुरू झाली. सासूही काथ्यासाठी नारळाची सोडणे झोडपायला बसू लागली. दोन वेळच्या भाताच्या जागी एक वेळ पेज आली. मी एकदा भाडे वाढवून देऊ का म्हणून विचारले. काकींचे हात थांबले.

"का? पडवी वाढली काय?"

मी पुन्हा विचारले नाही.

सगळ्यांत चमत्कारिक मला हे वाटे, की त्या एवढ्याशा घरात एकच माणूस मेलेलाही होता आणि जिवंतही. भाद्रपदात, पितृपक्षात, सासू मुलाचा म्हाळ घाली. काकी कुंकू लावून त्याचा सगळा स्वयंपाक करीत. वडे, खीर, भाजी, सगळे. त्यात कधी कसूर केली नाही. "मी रांधते. पान तुमी ठेवा," एवढेच त्यांचे म्हणणे. पान ठेवायला त्या बाहेर येत नसत.

एका वर्षी कावळा लवकर येईना. सासू अंगणात हाका मारून दमली.

"तुझ्या कुंकवाला भिऊन येत नाय," ती आत बघून म्हणाली.

"त्यो जिता हाय म्हनून येत नाय," आतून उत्तर आले.

 मी पडवीत पुस्तक उघडून बसलो होतो, पण वाचीत नव्हतो. थोड्या वेळाने माडावरून एक कावळा उतरला आणि पानावरचा वडा घेऊन गेला. सासू रडू लागली. आतून भांड्यांचा आवाज यायचा थांबला. मग काकी दारात आल्या आणि त्यांचेही डोळे ओले होते.

"भुकेला व्हता त्यो," त्या म्हणाल्या.

कोण म्हणून सासूने विचारले नाही. त्या दिवशी दोघी एका पानात जेवल्या.

नानांना मात्र हे प्रकरण स्वस्थ बसू देईना. एका रविवारी दुपारी ते छत्री घेऊन पडवीत आले. "खजिन्यातर्फे नव्हे, खाजगी आलो आहे," असे त्यांनी दोनदा सांगितले. त्यांचा विचार असा होता, की कौलाने झालेले कौलानेच मोडता येईल. देवाने या खेपेस डावा दिला, तर काकींना कुंकू पुसायला हरकत नाही आणि पेन्शन सुरू करायला त्यांना हरकत नाही. सरकारी नोकराला हे शोभते का, असे मी विचारले नाही, पण त्यांनीच उत्तर दिले. "शोभत नाही, मास्तर. पण नियमात कुठे नाहीही म्हटलेलं नाही."

काकी लगेच तयार झाल्या. "इचारायला काय? देव नको म्हननार नाय." सासूही निघाली. नानांनी खटारा ठरवला आणि आम्ही संध्याकाळी काकींच्या माहेरच्या गावी पोहोचलो.

देऊळ साधे होते. गुरवाने पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणे घातले. "बा देवा म्हाराजा! ही तुझी लेक तुझ्या पायाशी आली हाय. तिचा धनी जिता असंल तर उजवा दे, नसंल तर डावा दे. आनि हिचा काय त्यो गुंता सोडीव."

"व्हय म्हाराजा," आम्ही म्हणालो. नानाही म्हणाले.

मग आम्ही वाट पाहू लागलो. पाकळ्या पडल्या नाहीत. नाना उपरण्याचे टोक धरून डाव्या पाकळीकडे टक लावून बसले होते आणि त्यांचे ओठ हलत होते. सासू माझ्या शेजारी होती. माझा पोर मेला असे साऱ्या आळीला ऐकवणारी ती बाई पुटपुटत होती, "उजवा दे रे बा. उजवा दे." मी चमकून तिच्याकडे पाहिले. तिने माझ्याकडे पाहिले नाही. आणि काकींनी डोळे मिटून घेतले होते. त्यांना उजवा हवा होता की डावा, ते मला त्यांच्या चेहऱ्यावरून वाचता आले नाही. मी पुष्कळ प्रयत्न केला होता.

दिवा लावायची वेळ झाली. नानांना आता नीट दिसत नव्हते. "पडला का?" ते अधूनमधून विचारीत.

"नाय," गुरव सांगे. "पाकळ्या आज जास्तच ओल्या हायत."

अखेर गुरवाने हात जोडले. देव आज बोलत नाही, तेव्हा पहिला कौल कायम, असे तो म्हणाला.  परतताना खटाऱ्यात नाना शिंकले आणि म्हणाले, "म्हणजे परिस्थितीत फेरफार नाही."

"व्हय," काकी म्हणाल्या. "नाय."

पुढे पलटणीकडून चौकशीचे उत्तर आले. शिपायाविषयी नवी काही माहिती नाही. बाईने आपण विधवा असल्याचे सांगितल्यास पेन्शन पुन्हा चालू करण्यास हरकत नाही. नाना ते सांगायला स्वतः घरी आले. एक वाक्य हवे होते, तेही तोंडी. बाकीचे ते लिहिणार होते.

त्या दिवसांत सासूला दम्याने धरले होते. तिला पडून राहता येत नसे आणि बसवतही नसे. वैद्याचे औषध महाग होते आणि उधारीवर फार दिवस मिळण्यासारखे नव्हते. तिनेच काकींना सांगितले, "जा. मेला म्हनून सांग. माझा पोर हाय, मी सांगते तुला." मग मला म्हणाली, "मास्तर, तुमी संगती जावा. ही वाटेतनं परत फिरंल."

काकी वाटेतून परत फिरल्या नाहीत. कुंकू त्यांनी पुसले नव्हते. "तिथं जाऊन बघू," म्हणाल्या. खिडकीपाशी नानांनी सगळी तयारी केली होती आणि ते मुद्दाम त्यांच्या कपाळाकडे पाहत नव्हते. "हं, बोल," ते म्हणाले. "माझा नवरा..."

काकींनी पदर सारखा केला, हात जोडले. "बा सरकारा म्हाराजा," त्या म्हणाल्या आणि थांबल्या. ओसरीवर बरीच माणसे होती. कोणी हसले नाही. शिपाई भिंतीकडे बघत होता.

"काय फेरफार नाय," काकी म्हणाल्या.

"अगो, असं नको करूस. एकच शब्द. सासूचा जीव बघ."

"बघते ना, नाना. तिच्यासाठीच आले." त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला होता. "पन मला ठावं नाय. जिता हाय म्हनून आता मला छातीवर हात ठेवून सांगवत नाय. मेला म्हनून बी सांगवत नाय. ठावं नाय ता सरकारला कसा सांगू?"

"मग हे कुंकू?"

"ता आता हाय तसा ऱ्हाऊ दे."

घरी येताना त्या माझ्या पुढे चालत होत्या, नेहमीपेक्षा अधिक वाकून. किल्ल्याच्या चढावर त्या एकदा थांबल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, तुमी येवडी पुस्तका वाचता. असला काय तेच्यात लिवलेला हाय काय?"

मी नाही म्हणालो. आजही मला दुसरे उत्तर देता येणार नाही.

सासूच्या औषधाचे पैसे दिराने द्यावेत म्हणून काकींनी माडांचे उत्पन्न त्याला देऊन टाकले, आणि आपल्या माघारी घरही त्याचेच असे कबूल केले. सासू बरी झाली. पुढची वर्षे दोघींनी सुंभावर काढली. काकी पेन्शनच्या दिवशी खजिन्यात जात नसत, पण नाना वाटेत भेटले की त्यांना थांबवून घरचे काय ते सांगत. नाना छत्री मिटून ऐकून घेत.

या श्रावणात काकींना ताप आला. थोडेच दिवस. शेवटच्या दिवशी त्यांना बोलता येत नव्हते. पांघरुणावर हात मात्र एकमेकांवर फिरत होते. मी शाळेतून आलो तेव्हा ते थांबलेले होते.

अंगणात बायका जमल्या. पाऊस उघडला होता. काकींना न्हाऊ घालून निजवले होते, आणि आता पुढे काय करायचे यावर सगळे अडले होते. सवाशीण म्हणून हिरवे लुगडे नेसवून, ओटी भरून पाठवायची, की विधवा म्हणून? न्हाऊ घालताना कपाळ धुतले गेले होते. कुंकू पुन्हा लावायला कोणी पुढे होईना. दीर म्हणाला, "सरकारच्या कागदावर भाऊ मेलेला हाय. कशाला उगाच?" एका बाईने माझ्याकडे पाहिले. मास्तर म्हणून असेल. मी खाली पाहिले.

तेवढ्यात सासू भिंतीला धरून बाहेर आली. तिच्या हातात काकींचा कुंकवाचा करंडा होता.

"सरा," ती म्हणाली.

खाली बसायला तिला वेळ लागला. मग तिने सुनेच्या कपाळावर आडवे, मळवट भरल्यासारखे कुंकू लावले.

"आये," दीर म्हणाला, "तूच म्हनत व्हतीस ना, त्यो मेला म्हनून?"

"म्हनत व्हते."

"मंग?"

"मंग काय?" सासूने करंडा मिटला. "त्यो जिता हाय म्हननारी ही येकटी व्हती. ती गेली. आता कुनी म्हनायचा? मी हाय म्हनून म्हनते. भरा तिची ओटी."

बायकांनी ओटी भरली. हिरव्या लुगड्यात काकी फार उंच दिसत होत्या. त्यांना उचलून आळीच्या वळणापलीकडे नेईपर्यंत ते हिरवे मला दिसत होते.

घर आता दिराकडे आहे. सासू तिथेच असते आणि जमेल तेवढे सुंभ वळते. मी पडवी सोडलेली नाही. भाद्रपदात या वर्षी मुलाचा म्हाळ झाला नाही. कोणी विचारले तर सासू सांगते, मुलगा बसऱ्याला आहे. बसऱ्याहून काही कळलेले नाही.